सावलीची वहिवाट

मुंबईतील जुन्या वस्त्यांची नावे एकापाठोपाठ एक उच्चारून पाहिली, तर आपण एखाद्या राईची मोजदाद करीत आहोत असे वाटू लागते. वडाळा, चिंचपोकळी, ताडदेव, उमरखाडी, फणसवाडी, बाभूळनाथ. कोटातील एका बोळाला तर इंग्रजांनीही टॅमरिंड लेन, म्हणजे चिंचेची गल्ली, असेच नाव दिले होते. कारण सेंट थॉमस कॅथीड्रलच्या आवाराजवळ एक विशाल चिंच उभी होती आणि तिच्या छायेत लिलाव पुकारले जात. तेथून हाकेच्या अंतरावर, टाउन हॉलसमोरील वडाखाली, १८५० नंतरच्या दशकात मूठभर दलाल जमून शेअरांची खरेदी-विक्री करीत. १८७५ साली त्यांची रीतसर संस्था झाली आणि तिलाच पुढे मुंबई शेअर बाजाराचे अवाढव्य रूप आले. ती चिंच गेली, आणि वडाळ्याचे वड व चिंचपोकळीच्या चिंचा स्थानकांच्या पाट्यांवर उरल्या. झाडाच्या आश्रयाने वाढलेला व्यवहार झाडापेक्षा दीर्घायुषी ठरावा, ही गोष्ट मला नेहमीच मनाला लागून राहिली आहे.

रस्त्याकडेच्या झाडाचा मालक कोण, हा प्रश्न वरवर सोपा आहे. ज्याची जमीन त्याचे झाड. रस्ता सरकारचा, म्हणून झाडही सरकारचे. परंतु आपल्या महसुली भाषेत मालकी आणि वहिवाट हे दोन शब्द पूर्वापार वेगळे चालत आले आहेत. बांध एकाच्या नावे असतो, पण त्यावरून गावाची पायवाट पिढ्यान्‌पिढ्या जात असते, आणि ती वाट कोणी अडवू पाहील तर सारा गाव कागदाशिवाय साक्षीला उभा राहतो. शहरातील सार्वजनिक वृक्षांचा इतिहास पाहू लागले की तेथेही हाच प्रकार दृष्टीस पडतो. मालकी राजाची, ट्रस्टची, म्युनिसिपालिटीची, अशी हस्तांतरित होत गेली. वहिवाट मात्र झाडाशेजारी राहणाऱ्यांकडे राहिली. पाणी घालणे, आळे करणे, कुऱ्हाड आली तर आडवे होणे, हे सारे या वहिवाटीत मोडते. आज ज्यांना आपण स्वयंसेवक म्हणतो, ते माझ्या मते या जुन्या वहिवाटीचे वारसदार आहेत.

हा भेद आपल्याकडे किती जुना आहे, याचा उत्तम पुरावा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात सापडतो. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, हे त्यात सांगितले आहे. राज्यातील अरण्यांतून सागवान इत्यादी वृक्ष परवानगीने तोडावेत, परंतु आंब्या-फणसाच्या झाडांना, ती आरमाराच्या कितीही उपयोगी असली तरी, हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून व मोल देऊन न्यावे, बलात्कार करू नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. समुद्रावर सत्ता राखण्यासाठी ज्या राज्याला लाकडाची निकड होती, त्याच राज्याने झाडावरील जिव्हाळ्याला कायद्याचे स्थान द्यावे, हे मला आपल्या राज्यनीतीतील अत्यंत सुसंस्कृत वचन वाटते.

गावात आणि पेठेत या वहिवाटीचे दृश्य रूप म्हणजे पार. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती घडीव दगडांचा ओटा बांधीत. त्यावर सकाळी न्हावी बसे, दुपारी वाटसरू पाठ टेकी, संध्याकाळी गावगप्पा रंगत, आणि तंटा उपस्थित झाला तर पंचही तेथेच बसत. पुण्यातील नागनाथ पार ही तर आता वस्तीचीच खूण झाली आहे. लोक वैशाखात पिंपळाला घागरभर पाणी घालीत. पिंपळाची मुंज लावीत. त्यात मुंजा राहतो या धाकाने तिन्हीसांजेला त्याची फांदी मोडण्यास कोणी धजत नसे. या समजुतींकडे आजच्या माणसाने कसे पाहावे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मला येथे गवंड्याच्या एका कसबाकडे लक्ष वेधायचे आहे. तो ओटा चारी बाजूंनी पक्का बांधी, परंतु बुंध्यालगत मातीचे एक वर्तुळ उघडे ठेवी. घागर रिती व्हायची ती त्या वर्तुळात. झाडाला श्वास आणि पाणी त्याच वाटेने मिळते, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. हे वर्तुळ वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे तेच हरवले.

आता आपण दादर-माटुंग्याकडे वळू. मुंबईत वृक्षांची आखणी आणि वृक्षांची माया ही दोन्ही जेथे एकत्र नांदली, अशी ही वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात या भागात भातखाचरे, वाड्या आणि माडा-ताडांची दाटी होती. माहीमच्या वाडीतील माडावर भंडारी पायात दोर अडकवून चढत व ताडी-माडी काढीत. त्या प्रत्येक झाडावर कर होता आणि १८७८ च्या आबकारी कायद्याने तो जाचक झाल्यावर भंडाऱ्यांचा असंतोषही पेटला. सरकारच्या लेखी झाड तेव्हा उत्पन्नाची बाब होते. ते सावलीसाठी, केवळ सावलीसाठी, सरकारी खर्चाने लावावे, ही कल्पना यायला एका महामारीची गरज पडली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीच्या कोंदट वखारींत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ उद्भवली आणि पाहता पाहता मुंबई ओस पडू लागली. ज्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागे, तेथे मृत्यूने ठाण मांडले. हवा आणि उजेड यांची टंचाई हेच या अनर्थाचे मूळ, अशी तेव्हाच्या राज्यकर्त्यांची धारणा झाली व १८९८ च्या कायद्यान्वये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढणे आणि बेटाच्या उत्तरेकडे मोकळ्या वसाहती आखणे, हे त्याचे काम. ट्रस्टच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त होती, कारण घरे पाडण्याचा वेग घरे बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक होता व बेघर झालेला गरीब शेजारच्याच चाळीत दाटीने शिरला. तथापि दादर-माटुंगा योजनेत ट्रस्टने दिलेली एक देणगी नाकारता येत नाही. रस्ता आखताना पदपथाची कड झाडांसाठी राखावी, इमारतींच्या मध्ये वारा खेळेल इतके अंतर असावे, आणि चौकाचौकांत बाग असावी, हा दंडक तेथे प्रत्यक्षात उतरला. पाच बागांचा तो प्रसिद्ध समूह, ज्याला आपण फाइव्ह गार्डन्स म्हणतो, याच आखणीतून जन्मला.

आखणी मात्र कागदावर राहते, जोपर्यंत तिच्यात जीव ओतणारा माणूस भेटत नाही. दादरच्या पारशी कॉलनीला असा माणूस भेटला. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधील अभियंते होते. मध्यम स्थितीतल्या पारशी कुटुंबांना परवडेल अशी जागा मिळावी, म्हणून त्यांनी ट्रस्टकडे पाठपुरावा करून १०३ भूखंड राखून घेतले. वसाहतीचा आराखडा रेखताना कोणत्या रस्त्याला कोणते झाड, कोणत्या जागी कोणते फूल, इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. फिरदौसी रस्त्याला महोगनी, जाम-ए-जमशेद रस्त्याला अशोक, अशी एकेका रस्त्याला एकेका जातीची ओळख देण्याची ती दृष्टी होती. एकाच जातीच्या झाडांची रांग एकाच आठवड्यात पालवते, एकाच आठवड्यात फुलते, आणि मग सारा रस्ताच ऋतूची वर्दी देऊ लागतो, हे ज्याने योजले त्याच्या अंगी अभियंत्याची शिस्त आणि रसिकाचे मन ही दोन्ही एकत्र नांदत असली पाहिजेत.

या वसाहतीचा आणखी एक विशेष मला फार मोलाचा वाटतो. मुंबईतल्या अनेक पारशी बागांना कोट आणि दरवाजे आहेत. दादरच्या कॉलनीला ते नाहीत. हिंदू कॉलनीतून निघालेला माणूस चालता चालता पारशी वस्तीत केव्हा शिरतो, हे त्याचे त्याला कळत नाही. रुइया महाविद्यालयाचा विद्यार्थी, वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेकडे निघालेला प्राध्यापक, दक्षिणेकडून येऊन माटुंग्यात स्थिरावलेला गृहस्थ, दुपारच्या वेळी टोपली उतरवून बसलेली भाजीवाली, हे सारे त्या महोगनीच्या सावलीत सारख्याच हक्काने वावरतात. कोट नसल्यामुळे सावलीचे वहिवाटदार वाढले. वहिवाटदार वाढले, म्हणून राखणदार वाढले.

त्या काळी रस्त्यांना लावलेली बरीच झाडे परदेशी होती, हे येथे नमूद केले पाहिजे. गुलमोहर मादागास्करचा, महोगनी आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातले. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, जिची स्थापना १८८३ साली झाली, या आगंतुकांचा परिचय लोकांना करून दिला. फादर ब्लॅटर आणि मिलर्ड या दोघांनी लिहिलेला सुंदर वृक्षांवरील ग्रंथ आजही जाणकार हाताशी ठेवतात. देशी-परदेशीच्या वादात मी देशी झाडांच्या बाजूचा आहे, कारण वड-उंबरावर जगणारे पक्षी महोगनीवर जगत नाहीत. तरीही पर्जन्यवृक्षाविषयी मन कठोर होत नाही. त्याखाली एकदा निवांत उभे राहून पाहावे. बुंधा पुरुषभर उंचीवरच फाटे फोडतो आणि फांद्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा पसरतात की पलीकडच्या झाडाच्या फांद्यांत त्यांची बोटे गुंफली जावीत. पाने दिवसा उलगडलेली असतात. सांज झाली किंवा आभाळ भरून आले की जोडीजोडीने मिटतात आणि पावसाचे थेंब अडथळ्याविना मुळांपाशी उतरतात. फुले म्हणजे गुलाबी-पांढऱ्या तंतूंचे गोंडे. ती सकाळी पदपथावर पडलेली असतात आणि झाडणारा सफाई कामगारही क्षणभर खराटा थांबवतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

१९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि झाडांची मालकी पुन्हा एकदा बदलली. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर आषाढात रोपे लावण्याचा परिपाठ पडला. परंतु रोप लावणे हा एका सकाळचा समारंभ असतो आणि रोप जगवणे हा तीन उन्हाळ्यांचा व्यवसाय असतो. ही तीन वर्षे सरकारी दफ्तरात कोणाच्याच नावावर नसतात. ती निभावली शेजाऱ्यांनी. कोणी बांबूचे कुंपण केले, कोणी दुकानापुढे हात धुण्याचे पाणी आळ्यात वळवले, कोणी जुन्या लुगड्याच्या पट्टीने खोड काठीला बांधले. या कामाची नोंद इतिहासात होत नाही, कारण ते करणाऱ्याला आपण काही करीत आहोत असे वाटतच नव्हते.

१९७५ साली महाराष्ट्राने नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा केला आणि या निनावी वहिवाटीला पहिल्यांदा कायदेशीर हत्यार मिळाले. वृक्ष प्राधिकरण स्थापन झाले, वृक्षगणना बंधनकारक झाली, परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरला, आणि तोडीच्या प्रस्तावावर नागरिकांना हरकत घेता येऊ लागली. हरकत हा केवढा जुना, केवढा कचेरीतला शब्द! पण झाडाच्या बुंध्याला डकवलेली नोटीस वाचून, चष्मा पुसत, अर्जाचा मसुदा लिहायला बसलेल्या निवृत्त कारकुनाच्या हाती तो शब्द ढालीसारखा आला. ज्या मनुष्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, त्याने उतारवयात पिंपळाच्या वतीने अर्ज करावा, हे दृश्य मी एकाहून अधिक वस्त्यांत पाहिले आहे.

या हत्याराचा सर्वांत चिकाटीचा वापर झाला तो राणीच्या बागेसाठी. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झालेली ही बाग मूळची वनस्पतिउद्यान. प्राणी तेथे मागाहून आले. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बागेत तीन हजारांच्या घरात झाडे आहेत, त्यांत आफ्रिकेतील गोरखचिंच आहे, सीतेचा अशोक आहे, आणि लाल-पिवळ्या झुंबरांसारखी फुले लोंबणारी दुर्मिळ उर्वशीही आहे. २००७ च्या सुमारास तेथे जागतिक दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा भव्य प्रस्ताव आला, तेव्हा या झाडांच्या भवितव्याच्या काळजीने काही नागरिक पुढे आले. त्यांत स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. त्यांनी घोषणांवर वेळ दवडला नाही. झाडे ओळखली, नोंदी केल्या, कागदपत्रे मिळवली, वारसा समितीपुढे बाजू मांडली, शाळकरी मुलांना झाडांखाली नेऊन त्यांची नावे शिकवली. तो मूळ प्रस्ताव तशाच्या तसा अमलात आला नाही, याचे श्रेय मोठ्या अंशाने त्यांच्या त्या वर्षानुवर्षांच्या बैठकीला आहे.

आता मी त्या हरवलेल्या वर्तुळाकडे येतो. गेल्या दोन-तीन दशकांत पदपथ सिमेंटच्या ठोकळ्यांनी, ज्यांना सारी मुंबई पेव्हर ब्लॉक म्हणते, मढवले गेले आणि ते मढवताना आळी बुजली. बुंध्याला लागून, सालीला भिडून, गिलावा आला. मुळांना वारा नाही, पाणी नाही. पाऊस वरून वाहून गटारात जातो आणि शंभर वर्षांचे झाड जलमय शहरात तहानलेले उभे राहते. अशी मुळे अशक्त होतात आणि मग जोराच्या वाऱ्यात झाड आडवे झाले की लोक झाडाला धोकादायक म्हणतात. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील एका प्रकरणात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. पारावरच्या गवंड्याला जे उपजत ठाऊक होते, ते न्यायपीठाला फर्मावावे लागले.

माटुंग्याच्या एका गल्लीत मे महिन्यात घडलेला प्रसंग मी विसरू शकत नाही. पदपथाचे काम चालले होते. एका करंजाच्या बुंध्यापर्यंत ठोकळे आले होते आणि समोरच्या इमारतीतल्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई खुर्ची घेऊन बुंध्याला टेकून बसल्या होत्या.

“आजी, उठा हो. साहेबांनी सगळं सपाट करायला सांगितलंय,” मुकादम म्हणाला.

“सपाट कर ना, बाळा. मी कुठे नाही म्हणते? फक्त एवढं सोड,” असे म्हणून त्यांनी काठीच्या टोकाने बुंध्याभोवती एक रेघ ओढली. “तुझ्या गावी झाडाला आळं करतात की नाही?”

मुकादम काही बोलला नाही. तो मराठवाड्यातला होता, हे त्याने मला मागाहून सांगितले. त्याने दोन गड्यांना हाक मारली. पहारीने ठोकळ्यांची एक ओळ उचकटली, खालची खडी उपसली आणि रेघेपलीकडे तिची कड बसवली. खडीखालून निघालेली माती राखेसारखी कोरडी होती. आजींनी नातवाकरवी बादली आणवली. पहिली बादली मातीने आवाज करीत शोषून घेतली, बुडबुडे फुटले, आणि दुसरीही तशीच गेली. चौथ्या बादलीला कुठे पाणी क्षणभर वर थांबले.

रविवारी सकाळी जमणाऱ्या तरुणांच्या मंडळींचे कामही असेच हातांचे आहे. कोणाच्या हाती पक्कड, कोणाच्या हाती जंबूर, खांद्यावर शिडी. जाहिरातींचे पत्रे, शिकवण्यांच्या पाट्या, रोषणाईच्या तारा, यांसाठी ठोकलेले खिळे ते एकेक करून उपटतात. जुना खिळा सहज निघत नाही; सालीने त्याला गिळलेले असते, आणि तो ओढताना लाकूड जो सूर काढते तो ऐकवत नाही. एका वडातून एका सकाळी निघालेले खिळे मी ओंजळीत घेऊन पाहिले, ओंजळ भरून वर राहिले. ही मंडळी वटपौर्णिमेच्या आधी बाजारात जाऊन वडाच्या तोडलेल्या फांद्या विकत न घेण्याची विनवणी करतात. ज्या व्रतात वडाला प्रदक्षिणा घालायची, त्या व्रतासाठी वडच ओरबाडला जावा, याचे दुःख त्यांना होते, आणि ते दुःख मला श्रद्धेच्या अधिक जवळचे वाटते.

सगळ्या लढाया जिंकता येत नाहीत. काही वर्षांपूर्वी पिठ्या ढेकणाची कीड पर्जन्यवृक्षांवर पडली, आणि पांढऱ्या कापसासारख्या थरांनी फांद्या वेढल्या जाऊन मुंबईतली कित्येक जुनी झाडे उभ्याउभ्या वाळली. लोकांनी निंबाचा अर्क फवारला, पालिकेकडे खेटे घातले. काही वाचली, पुष्कळ गेली. मग १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ शहराजवळून गेले आणि एका दिवसात शेकडो झाडे उन्मळली. दुसऱ्या दिवशी पाच बागांच्या परिसरात करवतींचा आवाज चालला होता, आणि फिरायला आलेली माणसे फिरणे सोडून पडलेल्या खोडांपाशी, घरातले माणूस गेल्यासारखी, गप्प उभी होती.

तशाच एका पडलेल्या झाडाच्या जागी आता बहावा लावलेला आहे. वृक्षगणनेचा क्रमांक त्याच्यावर अजून पडलेला नाही. त्याचे खोड मनगटाएवढेही नाही. बांबूला ते निळ्या सुती पट्टीने बांधले आहे आणि पट्टीची गाठ सैल आहे, खोड भरेल तसे तिला जागा राहावी म्हणून. परवा भर वैशाखात पहाटे साडेपाचला मी तेथून जात होतो. रस्त्यावर कोणी नव्हते, पदपथ कोरडा होता, आणि बहाव्याच्या आळ्यातली माती काळीभोर ओली होती.